बंदिवासातले प्राणी : नांदणी ते माणगाव खोरे

वन्य प्राणी माणसाच्या ताब्यात गेला की त्याचे खाणे, फिरणे, सोबत, वीण आणि मरण या सगळ्यांचा निर्णय दुसऱ्याच्या हाती जातो. प्राणिसंग्रहालय, सर्कशीचा तंबू, मठातला हत्तीचा गोठा, वनखात्याचे बचाव केंद्र अशी ठिकाणांची नावे वेगवेगळी असली तरी हा मूळ बदल सगळीकडे सारखाच असतो. त्यामुळे प्राण्याला मारतात का, उपाशी ठेवतात का, एवढे विचारून भागत नाही. पोटभर खाऊ घालणाऱ्या आणि जीव लावणाऱ्या सांभाळकर्त्यालाही एक प्रश्न चुकत नाही : प्राण्याला हे असे ठेवले आहे ते कोणाच्या गरजेपोटी?

हा प्रश्न जवळून पाहायचा तर सिंधुदुर्गातल्या फोंडाघाटाचा परिसर फार उपयोगी आहे. कणकवली तालुक्यातले हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, देवगड-निपाणी रस्त्यावर वसले आहे. घाट चढून गेले की दाजीपूर लागते आणि राधानगरी अभयारण्य सुरू होते. १९५८ मध्ये गव्यांसाठी जाहीर झालेले हे महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य. त्याचे क्षेत्र पुढे वाढून सुमारे ३५१ चौरस किलोमीटर झाले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. पूर्ण वाढलेल्या गव्याचे वजन हजार किलोंच्या घरात जाऊ शकते. माद्या आणि वासरे कळपाने राहतात, मोठे नर बराच काळ एकएकटे फिरतात. जंगलाच्या कडेची गवते आणि बांबूचे कोंब जसे त्यांना चालतात, तसे भात आणि ऊसही चालतात. त्यामुळे घाटाच्या दोन्ही उतारांवरच्या शेतकऱ्यांना गवा रेडा ठाऊक आहे तो पिकात शिरणारा म्हणून. मोकळ्या प्राण्याची ही किंमत पुढे पुन्हा येणार आहे.

घाटाच्या वर, कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळ तालुक्यातले नांदणी आहे. तिथल्या मठातल्या हत्तिणीवरून २०२५ च्या पावसाळ्यात सारा जिल्हा ढवळून निघाला. घाटाच्या खाली कुडाळ तालुक्यात माणगाव खोरे आहे. तिथे २०१५ मध्ये रानातले तीन हत्ती पकडले गेले. वरच्या हत्तिणीला बंदिवासातून हलवायचे होते, खालच्या हत्तींना बंदिवासात टाकायचे होते. ही दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवली की प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात.

या भागात वन्य प्राणी बाळगण्याची परंपरा जुनी आहे. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते ठेवत. हरणांमागे सोडायचा चित्ता बहुधा मोठा झाल्यावर पकडलेला असे, कारण शिकार तो आईकडून शिकतो. बछडा वाढवला तर त्याला ते शिक्षण मिळत नाही. म्हणजे राजवाड्यातल्या प्रत्येक चित्त्यामागे रानातला एक चित्ता कमी होत होता. बंदिवासात त्याची वीणही होत नसे. मोगल बादशहांनी हजारोंनी चित्ते बाळगले, पण पिल्ले झाल्याची ठळक नोंद एकच आहे, ती जहांगीराच्या काळातली. विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. गवताळ प्रदेश नांगराखाली गेले आणि बंदुकीने शिकार वाढली, ही कारणे होतीच. पण शतकानुशतके चाललेल्या धरपकडीचा वाटाही मोठा होता. ज्यांनी चित्त्यावर सर्वांत जास्त हौसेने खर्च केला त्यांच्या हौसेनेच तो संपायला हातभार लागला, हे या इतिहासातले सर्वांत क्लेशदायक सत्य आहे.

भारतीय सर्कसही याच मातीतली. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे कुरुंदवाडकर संस्थानिकांच्या पदरी घोड्यांचे शिक्षक होते. नांदणीप्रमाणे कुरुंदवाडही शिरोळ तालुक्यातच आहे. मुंबईत आलेल्या चिआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस पाहून आणि त्याचे आव्हान स्वीकारून छत्र्यांनी १८८० मध्ये स्वतःची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुढे देवल, कार्लेकर, शेलार अशी मराठी नावे तंबूंवर झळकली. १९०२ मध्ये पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे तर वाघ-सिंह-बिबट्यांचे शिक्षक म्हणून अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोचले. या माणसांचे धाडस आणि कष्ट खरे होते. महाराष्ट्राने त्यांचा अभिमान बाळगला तो उगाच नव्हे.

कसब माणसाचे होते, तरी त्याचा भार प्राण्यावर पडत होता. वाघ आगीच्या कड्यातून आपण होऊन उडी मारत नाही. आगीपासून दूर राहणे हा त्याचा स्वभाव आहे, आणि तो मोडण्यासाठी भीती, भूक किंवा बक्षिसाचा घास यांतले काहीतरी रोज वापरावे लागते. दयाळू शिक्षक बक्षिसावर भर देई, निर्दय शिक्षक चाबकावर. खेळ संपल्यावर मात्र दोघांचाही वाघ सारख्याच मापाच्या पिंजऱ्यात परते. तंबू दर काही दिवसांनी गाव बदलतो, म्हणून पिंजरा गाडीवर चढेल एवढाच असावा लागतो. सर्कशीतली क्रूरता मुख्यतः इथे होती. एखाददुसऱ्या दुष्ट माणसाला दूर करून ती गेली नसती, कारण ती धंद्याच्या रचनेतच होती.

कायदा याच निष्कर्षापर्यंत हळूहळू आला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाविसाव्या कलमात, काही प्राण्यांना खेळासाठी शिकवण्यास आणि त्यांचे खेळ करण्यास मनाई करण्याचा अधिकार केंद्र सरकारला होता. १९९८ च्या ऑक्टोबरमधल्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना ही मनाई लागू झाली. सर्कसमालक न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सरकारचा निर्णय उचलून धरला. हत्ती मात्र त्या यादीत नव्हता, म्हणून नंतरही कित्येक वर्षे तो तंबूत स्टुलावर बसत राहिला. अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीने २०१६ मध्ये हत्तींचे खेळ थांबवले, २०१७ मध्ये ती सर्कस बंद पडली आणि २०२३ मध्ये प्राण्यांविना पुन्हा उभी राहिली.

भारतातल्या १९९८ च्या मनाईनंतर दोन गोष्टी अनुत्तरित राहिल्या. पहिली प्राण्यांची. सुटका झालेले सिंह-वाघ रानात सोडता आले नाहीत. ते पिंजऱ्यात जन्मले होते, शिकार शिकले नव्हते, आणि कित्येक सिंह आफ्रिकी-आशियाई संकराचे होते. त्यांना विशाखापट्टणम, तिरुपती, बन्नेरघट्टा अशा ठिकाणच्या केंद्रांत ठेवले गेले, त्यांची वीण थांबवली गेली आणि मरेपर्यंत त्यांना सांभाळायचे ठरले. दुसरी गोष्ट माणसांची. दरवेशी, मदारी आणि तंबूतले कामगार यांचे काय करायचे, हे त्या अधिसूचनेत कुठेच नव्हते. प्राण्याला न्याय देताना त्याच्यावर पोट भरणाऱ्या गरिबाला वाऱ्यावर सोडणे हीसुद्धा नैतिक चूक आहे, आणि तिच्याविषयी प्राणिप्रेमी मंडळींनी पुरेसा आवाज उठवला नाही.

प्राणिसंग्रहालयाचे प्रकरण सर्कशीपेक्षा गुंतागुंतीचे आहे, कारण करमणुकीपलीकडच्या हेतूंवर ते आपला हक्क सांगते. मुंबईतली भायखळ्याची राणीची बाग १८६० च्या दशकात सुरू झाली, पुण्यातला पेशवे पार्क १९५३ मध्ये; तिथले प्राणी पुढे कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले. नागपूरला जुने महाराजबाग आहे आणि २०२१ मध्ये गोरेवाडा खुले झाले. या सगळ्यांवर १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख आहे. प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. याच प्राधिकरणाने २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतले हत्ती हत्ती-शिबिरांत आणि वनक्षेत्रांत हलवण्याचा आदेश काढला. हत्तीला लागते तेवढी जागा आपण देऊ शकत नाही, अशी ती सरकारी कबुलीच होती. तिची अंमलबजावणी पुरी झाली नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा प्रजातींच्या रक्षणाचा आहे. कॅलिफोर्नियातल्या कॉन्डोर गिधाडांची संख्या १९८७ मध्ये सगळी मिळून २७ वर आली होती. तेव्हा रानातले शेवटचे पक्षीही पकडून त्यांची बंदिवासात वीण केली गेली, आणि आज ते पुन्हा आकाशात आहेत. भारतात डायक्लोफिनॅक या जनावरांच्या औषधाने गिधाडे मेली, तेव्हा हरयाणातल्या पिंजोरला प्रजनन केंद्र उभे राहिले. तिथली गिधाडे २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबात आणली गेली. ज्या बंदिवासाचे दुसरे टोक रानात उघडते, तो समर्थनीय ठरतो. अडचण अशी की अशी केंद्रे बहुधा प्रेक्षकांपासून दूर असतात. शहरातल्या संग्रहालयात जे प्राणी दिसतात, त्यांतले फार थोडे अशा योजनेत असतात.

राणीच्या बागेतले पेंग्विन हे याचे ठळक उदाहरण. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आणले गेले. त्यांतला एक काही महिन्यांतच मेला, उरलेल्यांचे दालन २०१७ मध्ये लोकांसाठी खुले झाले. हे पक्षी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. मुंबईत ते थंड केलेल्या काचेआड राहतात, त्यांची पिल्लेही झाली आहेत. निगा चांगली आहे आणि गर्दीही उसळते. तरी मुंबईत जन्मलेल्या पिल्लाने चिलीच्या किनाऱ्याला काय मिळते, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. मुलांना प्राण्यांविषयी प्रेम वाटू लागते, हा दुसरा दावा. तो अगदीच खोटा नाही. मात्र दालनातून पुढे सरकणाऱ्या रांगेतल्या मुलाला पक्ष्याचे रूप कळते. त्याचे पोहणे, शिकार आणि वसाहतीतले जीवन त्या काचेआडून कळत नाही.

गर्दीने ठेवलेल्या प्राण्यांना रोगाचा धोकाही असतो. गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. कात्रजला २०२५ च्या जुलैमध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीत सोळा चितळे मेली. रानातही साथी येतात. पण तिथल्या कळपाला दूर निघून जायला वाट असते.

कोणत्या प्राण्याला बंदिवास किती सोसतो, यावर गेल्या काही दशकांत चांगला अभ्यास झाला आहे. ब्रिटनमधल्या रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की, रानात ज्या मांसाहारी प्राण्याची हद्द जितकी मोठी, तितक्या त्याच्या पिंजऱ्यातल्या येरझाऱ्या जास्त आणि पिल्लांचे मृत्यूही जास्त. २००८ मध्ये त्यांच्या गटाने हत्तिणींच्या आयुष्याची तुलना केली. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचे मध्यक आयुर्मान सुमारे १७ वर्षे निघाले; केनियातल्या अँबोसेली उद्यानात नैसर्गिक मरण आलेल्या हत्तिणींचे ५६ वर्षे. आशियाई हत्तिणींमध्ये प्राणिसंग्रहालयातले १९, तर ब्रह्मदेशात लाकडे ओढणाऱ्या हत्तिणींचे जवळजवळ ४२. ही शेवटची तुलना फार बोलकी आहे. ब्रह्मदेशातल्या हत्तिणी राबत होत्या, अंकुशाखाली होत्या, तरी त्या दुपटीहून जास्त जगल्या. काम संपल्यावर त्यांना रानात चरायला, इतर हत्तींमध्ये मिसळायला सोडत होते. नुसत्या बसवून ठेवलेल्या, वेळच्या वेळी औषधपाणी मिळणाऱ्या हत्तिणीच्या वाट्याला हे येत नाही.

नांदणीच्या हत्तिणीचा विचार या माहितीसह करावा लागतो. तिथल्या जिनसेन भट्टारक मठात माधुरी ऊर्फ महादेवी तीन दशकांहून अधिक काळ होती. लहान असताना ती आली, मिरवणुकांत आणि पूजाविधींत मिरवली, गावोगावच्या लोकांनी तिच्यापुढे नारळ-केळी धरली. प्राणी हक्क संघटनेच्या तक्रारीनंतर अशा प्रकरणांसाठीच्या उच्चाधिकार समितीने तिची तपासणी करवली. पायांचे विकार, वाढलेली नखे, सांध्यांचे दुखणे आणि सतत डोके हलवण्याची सवय अशी लक्षणे नोंदली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०२५ रोजी तिला गुजरातेत जामनगरच्या ‘वनतारा’ केंद्रात हलवण्याचा आदेश दिला. हत्तिणीचे हित आणि धार्मिक वापर यांत संघर्ष आला तर हित आधी, असा त्या निकालाचा रोख होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही आणि महिन्याअखेरीस ती गेली. निरोपाच्या वेळी लोक ढसाढसा रडले. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर प्रचंड मूक पदयात्रा निघाली. लोकांनी जामनगरच्या केंद्रामागच्या उद्योगसमूहाची मोबाइल सेवा सोडण्याची मोहीमही चालवली.

या रडण्याला दिखावा म्हणणे अन्यायाचे होईल. माया खरी होती. पण पायाला झालेला रोगही खराच होता, आणि मायेने तो टळला नाही. हत्तीचा तळवा मऊ जमिनीवर मैलोन्‌मैल चालण्यासाठी घडलेला असतो. फरशीवर, आपल्याच मलमूत्राजवळ तासन्‌तास उभे राहिले की नखे वाढतात, भेगा पडतात, पू होतो. त्याहून मोठी उणीव सोबतीची. रानातली हत्तीण आई, मावश्या आणि बहिणींच्या कळपात जन्मभर राहते. तीस वर्षे आपल्या जातीचा एकही जीव शेजारी नसणे, याची भरपाई हजारो भक्तांच्या गर्दीने होत नाही. म्हणून न्यायालयाचा निर्णय मुळात योग्य होता, असेच म्हणावे लागते.

तो ज्या रीतीने पार पडला त्यावर मात्र आक्षेप घेता येतो. हत्तीण दुसऱ्या राज्यात, एका खासगी उद्योगसमूहाच्या केंद्रात गेली. राज्यात किंवा जवळपास सरकारी व्यवस्था उभी असती तर लोकांचा संशय एवढा पेटला नसता. २०१४ मध्ये जोतिबाच्या ‘सुंदर’ हत्तीला न्यायालयाच्या आदेशानेच बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्याला पाठवावे लागले होते. म्हणजे महाराष्ट्राला अशा केंद्राची गरज अकरा वर्षे आधीच कळलेली होती. जामनगरच्या ‘वनतारा’ची चौकशी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये न्या. चेलमेश्वर यांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथक नेमले, आणि सप्टेंबरमध्ये पथकाचा अनुकूल अहवाल स्वीकारला. लोकक्षोभानंतर वनतारानेच नांदणीजवळ पुनर्वसन केंद्र उभारण्याची तयारी दाखवली. त्या वाटेने प्रश्न सुटायचा असेल तर मऊ जमीन, पाणी, साखळीविना मोकळीक आणि दुसऱ्या हत्तिणीची सोबत, या चार गोष्टी तिथे असल्या पाहिजेत. त्या नसतील तर नुसते अंतर कमी झाल्याने हत्तिणीच्या पदरात काही पडणार नाही.

घाटाखालचा प्रश्न उलट्या टोकाचा आहे. २००२ च्या सुमारास कर्नाटकातल्या रानातून हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले आणि पुढे सिंधुदुर्गात वावरू लागले. केळी, सुपारी, माड आणि भात यांची नासधूस झाली, माणसेही मेली. अनेक वर्षे जोपासलेला माड एका रात्रीत आडवा झालेला पाहणाऱ्या बागायतदाराला प्राण्यांच्या हक्कांवर प्रवचन देणे हे निष्ठुरपणाचे आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आणून माणगाव खोऱ्यातले तीन नर पकडले गेले. ओंडक्यांच्या भक्कम कोंडवाड्यात, आंबेरीला, त्यांना माणसाळवण्याचा प्रयत्न झाला. त्यांची नावे गणेश, समर्थ आणि भीम अशी ठेवली होती. त्यांपैकी दोघे बंदिवासातच मेले.

हे तीन हत्ती कोणाच्या करमणुकीसाठी किंवा श्रद्धेसाठी पकडले नव्हते, म्हणून त्यांचे प्रकरण अधिक अवघड. मोकळ्या वाढलेल्या नराला कोंडवाड्यात नमवणे ही त्या जिवासाठी फार मोठी यातना असते. ती सोसूनही तो जगेल याची खात्री नसते, आणि रान हत्तींना चालण्याजोगे राहिले असेल तर त्याच वाटेने दुसरा हत्ती येतो. तसेच झाले. दोडामार्गच्या तिलारी खोऱ्यात हत्तींचा वावर चालूच राहिला. २०२५ मध्ये ‘ओंकार’ नावाने ओळखला जाणारा तरुण नर गोव्यातल्या पेडणे तालुक्यापर्यंत जाऊन परत सावंतवाडीच्या बाजूला आला. त्याला पकडून वनताराकडे पाठवावे का, हा वाद उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे गेला.

बिबट्यांच्या बाबतीत पकडण्याच्या उपायाचा हिशेब मांडून झालेला आहे. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात उसातले बिबटे पकडून दुसऱ्या रानांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले की, माणसांवरचे हल्ले त्यानंतर वर्षाला सरासरी चारांवरून सतरापर्यंत वाढले. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या बिथरतो आणि रिकाम्या झालेल्या हद्दीत नवा बिबट्या शिरतो. जे परत सोडता येत नाहीत ते माणिकडोहच्या निवारा केंद्रात आयुष्य काढतात. जखमी, आंधळ्या किंवा माणसावर सोकावलेल्या बिबट्याला दुसरा मार्ग नाही. मात्र लोकांचा राग शांत करण्यासाठी जो सापडेल तो बिबट्या पिंजऱ्यात घालणे, हे बचाव या नावाखाली होऊ नये. गव्याला तर पकडण्याचा ताणच जीवघेणा ठरतो. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा तासन्‌तास गर्दीने पिटाळला आणि पकडल्यावर मेला.

त्यामुळे फोंडाघाट ते तिलारी या पट्ट्यात बंदिवासाचा प्रश्न शेवटी जमिनीच्या प्रश्नाला जाऊन मिळतो. राधानगरी, आजरा-भुदरगड, आंबोली-दोडामार्ग आणि तिलारी ही राने एकमेकांना जोडलेली राहिली तर हत्ती, गवे आणि वाघ यांना वस्तीत न शिरता सरकायला वाट राहते. २०२० च्या सुमारास तिलारी, आंबोली-दोडामार्ग आणि आजरा-भुदरगड यांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याबाबत निर्देश दिले. या पट्ट्यात रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी, तसेच खाणींसाठी रान तुटते, आणि तुटलेल्या रानातला प्राणीच पुढे पिंजऱ्याच्या वाटेला लागतो. त्याच्या मोकळेपणाचा खर्च आज फोंडाघाटचा भातशेतकरी आणि दोडामार्गचा बागायतदार एकट्याने उचलतो. उभ्या माडाच्या खऱ्या किमतीएवढी आणि त्याच हंगामात हाती पडणारी भरपाई, हत्तीची चाहूल आधी कळवणारी गावपातळीवरची पथके, आणि रानाच्या कडेला गव्याला न रुचणारी पिके घेण्यासाठी मदत, ही कामे वनखात्याच्या अंदाजपत्रकात पकड मोहिमांच्या आधी यायला हवीत.